नक्षीची वही: ९६ कार्डं आणि एक निळा पट्टा

२ डिसेंबर

लग्नपत्रिकांची गर्दी सुरू व्हायच्या आत हे काम हातात घ्यायचं ठरवलंय. विषय एकच, नक्षी. आठ वर्षं दुकानात संगणकावर पत्रिका, फ्लेक्स आणि वाढदिवसाचे बॅनर करतेय. तिथे नक्षी म्हणजे फोल्डरमधून उचलून कोपऱ्यात चिकटवायचं तयार फूल. त्या एकाच फुलावर सोलापुरातली किती लग्नं लागली असतील कोण जाणे. स्वतः मुळापासून एक तरी नक्षी करून बघायची, म्हणून ही वही.

रात्री कमळासारखं फूल काढलं. एक देठ, दोन पानं. चौकोनात बसवलं आणि संगणकावर दहा बाय दहा पसरवलं. न्हाणीघराच्या टाइल्ससारखं दिसायला लागलं. तरी प्रिंट काढून खाली अण्णांना दाखवायला नेली.

अण्णा म्हणजे आमचे घरमालक. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कापड कारखान्यांसाठी त्यांनी तीस-बत्तीस वर्षं जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणायला लागणारी भोकांची, कार्डं पंच केली. आता गुडघे आणि टीव्ही. फुलाकडे त्यांनी बघितलंच नाही. एक चौकोन कापायला लावला, कागद नळीसारखा वळवला, उजवी कड डाव्या कडेला टेकवली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरली. देठ दोन मिलिमीटरनं चुकला होता.

"फूल कुणी बी काढतंय गं. सांधा दाखव."

४ डिसेंबर

दोन दिवस सांधाच चाललाय.

अण्णांनी दाखवलेली रीत: चौकोनी कागदावर मध्येच काढायचं, कडांना पेन्सिल लावायची नाही. मग कागद उभा आणि आडवा कापून चार तुकडे करायचे आणि त्यांची कोपऱ्या-कोपऱ्यानं अदलाबदल करून पुन्हा चिकटवायचे. आधीच्या बाहेरच्या कडा आता मधोमध येतात. नव्या बाहेरच्या कडा जुळलेल्याच असतात, कारण त्या एकाच कापाच्या दोन बाजू. उरलेली मधली मोकळी जागा भरायची, की झालं. संगणकात हेच 'ऑफसेट' म्हणून एका क्लिकमध्ये होतं. शेकडो वेळा वापरलंय. आपण नेमकं काय करत होतो ते कात्री हातात घेतल्यावर कळलं.

मागावर तर हा सांधा हाताला लागतो, असं अण्णा म्हणतात. बाण्याच्या एका आडव्या धाग्याला एक कार्ड. कार्डाला भोक असेल तिथला हुक वर जातो, त्याच्याबरोबर ताण्याचा उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथला खाली राहतो. सगळी कार्डं ओळीनं दोरीनं ओवायची आणि शेवटचं कार्ड पहिल्याला बांधायचं. माळ फिरत राहते, नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे झालं उभ्या दिशेनं. आडव्या दिशेनं, एकाच हुकाला कापडाच्या रुंदीत ठिकठिकाणच्या दोऱ्या बांधलेल्या असतात. एक हुक उचलला की सगळीकडचा तोच धागा उचलला जातो.

म्हणजे नक्षीच्या कागदाची डावी-उजवी कड जोडलेली आणि वरची-खालचीही. पहिली जोड केली की नळी होते. नळीची दोन तोंडं जोडली की सायकलची ट्यूब. मागावरची प्रत्येक नक्षी खरं तर ट्यूबवर काढलेली असते, आपण तिला कापून सपाट बघतो. हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "ट्यूबच म्हण. पंक्चर नको म्हणजे झालं."

९ डिसेंबर

कमळ फाडलं. काहीच सुचत नाही.

१६ डिसेंबर

आजपासून धनुर्मास. अण्णांच्या घरच्या अक्का पहाटे पाचला अंगणात. महिनाभर, संक्रांतीपर्यंत, रोज मुग्गू, म्हणजे तेलुगू घरातली रांगोळी. आमच्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके जोडतात, अक्कांच्या 'मेलिकल मुग्गू'त रेघ ठिपक्यांच्या मधून वेटोळे घेत जाते. ठिपक्याला शिवायचं नाही, फक्त प्रदक्षिणा घालायची. मी चहा घेऊन पायरीवर बसले. पाच ठिपके आडवे, सात उभे. चिमटीतून पूड सुटत गेली, हात एकदाही उचलला नाही. रेघ निघाली तिथेच येऊन मिळाली.

रेघ शेवटी कुठे जुळवली ती जागा मी शोधत होते. सापडली नाही. अक्का हात झटकून आत गेल्या, डाळ शिजत होती.

१९ डिसेंबर

तीन रात्री चौकटीच्या वहीत हेच करतेय. आयताकृती ठिपके मांडायचे, रेघ तिरकी चालवायची, कडेला आली की वळवायची. मधे काही अडथळा नाही. किती स्वतंत्र रेघा लागतात ते मोजलं:

तीन बाय तीनला तीन. तीन बाय चारला एक. चार बाय सहाला दोन. सहा बाय नऊला तीन. पाच बाय सातला एकच, अक्कांची.

सहावीतला मसावि! दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांच्या संख्यांचा मसावि जितका, तितक्या रेघा. मसावि एक आला की हात न उचलता पूर्ण होतो. हे गणितात सिद्ध झालेलं आहे, मी काही शोध लावला नाही, पण रात्री साडेअकराला वहीवर ते उमटलं तेव्हा एकटीच हसले.

सकाळी अक्कांना सांगितलं. त्यांना मसावि माहीत नाही. म्हणाल्या, "चार-चार घेतलं की हात उचलाय लागतंय. म्हणून चाराला पाच घ्यायचं. माझ्या आईनं सांगितलंय."

२२ डिसेंबर

रविवार. वाचत बसले. सपाट पृष्ठावर दोन दिशांनी पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचे, सममितीच्या (सरकवणं, फिरवणं, आरशात उलटवणं) हिशेबानं, एकूण १७ प्रकार होतात. अठरावा नाही. रशियाच्या फेदोरोवनं १८९१ मध्ये हे दाखवलं. नुसत्या पट्टीचे, म्हणजे साडीच्या काठासारख्या नक्षीचे, फक्त ७. लगेच कपाट उघडून सगळ्या साड्यांचे काठ तपासले. सातापैकी पाच घरातच निघाले. आई फोनवर म्हणाली, कपाट आवरतेस का बाई? नाही, मोजतेय.

हे सगळं छान आहे, पण १७ प्रकारांची १७ चित्रं काढायची नाहीत. तक्ता होईल, शाळेत भिंतीवर लावायचा.

२८ डिसेंबर

आज सापडलं! अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एका रद्दीवाल्याकडे गत्त्याच्या ढिगात जुन्या जॅकार्ड कार्डांचा गठ्ठा. कुणीतरी कारखाना आवरला असणार. आता बऱ्याच ठिकाणी नक्षी संगणकावरून थेट मागाला जाते, कार्डं वजनावर विकली जातात. वजनाच्या भावातच घेतली आणि रिक्षात मांडीवर ठेवून आणली. तपकिरी जाड पुठ्ठा, तेलाचे डाग, कापसाचा आणि ग्रीसचा मिसळलेला वास. कार्डावर शाईनं आकडा. ओवायची दोरी काही ठिकाणी शाबूत, काही ठिकाणी कुजलेली.

अण्णांनी चष्मा लावला. गठ्ठा हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा टीव्ही स्वतःहून बंद केला.

"चारशेचा जॅकार्ड. साध्या एकपदरी कापडाचा दिसतोय, पडद्या-बिडद्याचा. चादरीचा न्हाई."

शेवटचा आकडा ९६. मोजली तर कार्डं ९०. २१ ते २६ नाहीत. ७४ नंबरच्या कार्डाचा उजवा अर्धा भाग कसरीनं खाल्लाय.

३० डिसेंबर

मला वाटलं होतं, कार्डं एकाखाली एक ठेवली की फूल दिसेल. दिसलं ते काहीच नाही. भोकांची गर्दी, जणू गोवर उठलाय.

कारण कार्ड म्हणजे एक सरळ ओळ नाही. ओळ घडी घालून ठेवलेली असते. कार्डावर भोकांच्या आठ रांगा आणि पन्नास स्तंभ. एका स्तंभातली आठ भोकं म्हणजे ग्राफवरचे लागोपाठचे आठ चौकोन. पुढचा स्तंभ, पुढचे आठ. असे पन्नास आठे चारशे. ग्राफपेपरवर दर आठ चौकोनांनंतर जाड रेघ असते ती यासाठीच. पंचिंगच्या मशीनला पियानो म्हणायचे, आठ बोटांच्या आठ पट्ट्या आणि खाली पायाचा दट्ट्या. अण्णा ग्राफकडे बघत एकेका आठाची बोटं दाबायचे आणि पाय मारायचे. वाचून दाखव म्हटलं तर कार्ड उजेडाला धरून म्हणाले, "दोन वर, एक खाली, तीन वर, दोन खाली. पुढचं आठ." वाचताना त्यांची बोटं मांडीवर हलत होती.

ग्राफबद्दल आणखी एक. त्यातले चौकोन नेहमी चौरस नसतात. कापडात इंचाला ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती, त्या प्रमाणात ते लांबट किंवा बुटके घ्यावे लागतात. साध्या चौकटीच्या कागदावर गोल वाटोळा काढला तर कापडावर अंडं येतं. अण्णांच्या पहिल्या महिन्यात एका मोराचं बदक झालं होतं. मालकानं तो नमुना वर्षभर भिंतीवर लावून ठेवला, शिकणाऱ्यांना दाखवायला.

५ जानेवारी

ठरलं. कार्डं रंगवायची नाहीत, त्यांच्याकडूनच छापून घ्यायचं. सायनोटाइप. उन्हानं छापायची पद्धत. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं शोधली. पुढे कितीतरी वर्षं इमारतींचे आणि यंत्रांचे नकाशे असेच निळे छापले जात, ब्लूप्रिंट हा शब्द तिथला. दोन रसायनं: फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. सोलापुरात पैशाला भाव आहे, उन्हाला नाही. फुकट मिळणारी गोष्ट वापरावी.

तत्त्व कार्डाशी जुळतं हे विशेष. भोकातून ऊन जाईल तिथे निळा ठिपका. भोक नाही तिथे पांढरं. हुक वर, निळा. हुक खाली, कोरा.

८ जानेवारी

पहिलं रसायन १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम, दुसरं १०० मिलीत १० ग्रॅम. वेगवेगळ्या बाटल्यांत, लावायच्या वेळी सारखी मिसळायची. फेरिसायनाइडला नाव भयंकर आहे, तसं ते सौम्य, पण तापवायचं नाही आणि तीव्र आम्लात घालायचं नाही. हातमोजे, आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं नाही. खोलीत ट्यूबलाइट बंद, फक्त पिवळा छोटा दिवा.

कागद दुकानातलाच जाड घेतला. पहिला छापा हिरवट-पिवळा आला आणि धुताना निम्मा वाहून गेला. दुसऱ्या कागदावर जरा बरा. तिसऱ्यावर निळा आला, पण ठिपके गोल नाहीत. सगळे एका बाजूला ओघळल्यासारखे लांबट.

१३ जानेवारी

भोगी. आज सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा, दुकानाला सुट्टी. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला एवढी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही. एका कट्ट्यावर चढले. सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, डोलत येताना दिसले आणि भोवती पांढऱ्या बाराबंद्यांचा, म्हणजे बंदांच्या अंगरख्यांचा, समुद्र. एकेक माणूस वेगळा, उंच, बुटका, म्हातारा, पोरगेला, पण पांढरा, डोकं, पांढरा, डोकं अशी ओळ सरकत होती. काठी हलली की ओळीत लाट उठायची. पाच मिनिटं मी यात्रेला आलेय हेच विसरले.

घरी येऊन काढायचा प्रयत्न केला. फसला. सगळे सारखे काढले की सैन्य दिसतं.

अक्कांनी अंगणभर मुग्गू काढलाय, उद्याचा शेवटचा. मी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी देऊन आले.

१८ जानेवारी

लांबट ठिपक्यांचं कोडं सुटलं. ऊन तिरकं येतंय! कार्ड जाड, त्यात भोक म्हणजे छोटी विहीर. विहिरीत ऊन सरळ पडलं तरच तळ गोल दिसणार. सध्या भर दुपारीही सूर्य डोक्यावरून सुमारे ३८ अंश दक्षिणेला कललेला असतो. शिवाय सोलापूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून बरंच पश्चिमेला, त्यामुळे या दिवसांत खरी दुपार बाराला नाही, साडेबाराच्या पुढे होते. मी बाराला ठोका पडताच गच्चीवर जात होते.

छापायच्या पाटाखाली विटा लावून त्याचं तोंड सूर्याकडे केलं. पाटावर खिळा उभा ठोकला, त्याची सावली नाहीशी होईपर्यंत पाट कलता केला. ठिपके गोल. एवढं सोपं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा विटा लागणार नाहीत. पण तेव्हा गच्चीवर मीही लागणार नाही.

२३ जानेवारी

कागद सोडला, मांजरपाट घेतलं. आधी दोनदा उकळून खळ काढली, नाहीतर रसायन आत शिरत नाही. वेळेची पट्टी केली: ४, ६, ८, १२ आणि १६ मिनिटं. कापडाला १२ चांगली. १६ ला ठिपक्यांच्या कडा फुगतात.

हिशेब: एका कार्डाची रुंदी साडेसहा सेंटिमीटर. ९६ कार्डं सलग छापली की ६ मीटर २४ सेंटिमीटरचा पट्टा. त्याची दोन टोकं जोडायची आणि जिन्याच्या पोकळीत वर-खाली दोन दांड्यांवर माळेसारखा टांगायचा, हातानं फिरवता येईल असा.

गंमत अशी की एवढ्या कार्डांतून मागावर कापड किती निघतं? इंचाला ४० बाणे धरले तर ९६ बाण्यांचे जेमतेम सहा सेंटिमीटर. सहा मीटर पुठ्ठा, सहा सेंटिमीटर फूल.

२७ जानेवारी

पाणी. नळ रोज येत नाही, आला की पिंपं भरायची. छापा धुवायला प्रत्येक वेळी दोन बादल्या. बोअरच्या पाण्यात धुतला तर दुसऱ्या दिवशी निळा धुरकट, मेल्यासारखा. आमचं बोअर जड आणि अल्कली, तो निळा रंग अल्कलीपुढे टिकत नाही. आता पहिल्या बादलीत थोडं लिंबूसत्त्व. फरक लगेच दिसतो.

घरात पाण्यावरून बोलणी बसली. बरोबरच आहे. छापायचं ते फक्त पाणी येण्याच्या दिवशी, असा तह झाला.

५ फेब्रुवारी

लग्नसराई. रोज रात्री दहा. वही बंद.

९ फेब्रुवारी

मच्छरदाणी दुहेरी पडली होती, त्यात लाटा दिसल्या. दोन जाळ्या एकमेकींवर किंचित फिरल्या की असे मोठे पट्टे उठतात. २ मिलिमीटरची जाळी ५ अंश फिरली तर पट्टे सुमारे २३ मिलिमीटरचे. अंश कमी केला की पट्टा वाढतो. तासभर गादीवर पडून जाळी फिरवत बसले. सुंदर आहे, पण या कामात नको. एका वेळी एकच खूळ.

१५ फेब्रुवारी

हरवलेली सहा कार्डं. आज त्यांचा निकाल.

नव्वद कार्डांचे फोटो काढून संगणकावर घड्या उलगडल्या, आठ-आठ करत. पडद्यावर फूल उमललं. एका चौकटीत आठ पाकळ्या, कोपऱ्यांत कळ्या, आणि वरचा अर्धा खालच्या अर्ध्याचं प्रतिबिंब. म्हणजे हरवलेल्या ओळी आरशातून मिळणार! ९६ ओळी, पहिलीची जोडी शहाण्णवावी, दुसरीची पंचाण्णवावी, बेरीज ९७. खात्रीसाठी ३० आणि ६७ ताडून बघितल्या. जुळेनात. ४० आणि ५७? नाही. सगळ्या जोड्या एका ओळीनं सरकलेल्या. वाटलं, आकडेच चुकीचे टाकलेत कुणीतरी.

अण्णा हसले. "नाकावरची ओळ दोनदा घेतली तर नाक बसकं दिसतंय. मधली ओळ एकदाच."

पहिली ओळ एकटी, एकोणपन्नासावी एकटी. बाकीच्यांच्या जोड्या, बेरीज ९८. ३० ची जोडी ६८. ताडली. चारशेच्या चारशे खुणा तशाच. माझ्या हिशेबानं शहाण्णवावी आणि पहिली एकसारख्या होऊन माळेच्या सांध्यावर जाड पट्टी आली असती. पहिल्या दिवशीचा देठ आठवला.

२१ ची जोडी ७७, २२ ची ७६, २३ ची ७५, २५ ची ७३, २६ ची ७२. सगळी आहेत. आणि २४ ची जोडी? ७४. कसरीनं खाल्लेलं.

१६ फेब्रुवारी

२४ नंबरची ओळ जगात कुठेच नाही. डावा अर्धा ७४ वरून मिळाला. उजव्या अर्ध्याच्या दोनशे खुणा गेल्या.

संगणकावर वरची आणि खालची ओळ ठेवून मधली भरली. दोन्हींत भोक तिथे भोक, दोन्हींत नाही तिथे नाही. अशा १७१ खुणा आपोआप भरल्या. २९ ठिकाणी २३ आणि २५ चं पटत नव्हतं. तिथे पाकळीची कड सरकतेय, एका ओळीत किती सरकली हे माझं यंत्र सांगू शकत नाही.

२० फेब्रुवारी

अण्णांना ग्राफ छापून दिला. चार दिवस ठेवून घेतला. आज पेन्सिलीनं भरलेला परत. २९ जागा कडेच्या वळणानं भरल्या होत्या, त्यात वाद नाही. पण एके ठिकाणी, जिथे वर आणि खाली दोन्हींत भोक होतं, तिथे त्यांनी कोरं ठेवलं होतं. मी म्हटलं, अण्णा, इथे चुकलं.

त्यांनी बोट वरच्या ओळीवर नेलं आणि खाली आणलं. "मोज. हा धागा अकरा ओळी सुटा वर लोंबतोय. बांगडीत अडकणार, नखात अडकणार. मध्ये एकदा दाबाय नको?"

"मूळ कार्डात दाबला होता कशावरून?"

"नसंल तर त्याचं चुकलंय."

मग नवा पुठ्ठा कापला. पियानो कधीच विकला गेला, म्हणून कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्या मामांकडून चामड्याचा पंच आणला. ७४ चाच डावा भाग खाली ठेवून भोकांचं अंतर घेतलं. अण्णांनी एकेक भोक हातोडीनं पाडलं, डावा अर्धा धरून दोन तास लागले. अधूनमधून मी मारते म्हटलं तर नुसतं हातानंच नको केलं. उरलेली पाच मी पाडली. त्यांनी त्यातली दोन नापास केली.

नवं ७४ पण करायला हवं, नाहीतर आरशात फरक राहील. त्याला तेच २४ वापरायचं, दोनदा छापायचं.

६ मार्च

तीन पाणी-दिवसांत छपाई झाली. एका वेळी सहा कार्डं, वर काच, १२ मिनिटं. ऊन आता बऱ्यापैकी वर आलंय, विटा एक थर कमी. छापलेला भाग काळ्या कापडाखाली गुंडाळत जायचा, नाहीतर पुढच्यावर ऊन चढतं. ५५ ते ६० वर एकदा ढग आला, तो भाग फिका आहे. परत करणार नाही, पाणी नाही.

धुऊन गच्चीवर दोरीला सोडला तेव्हा शेजारच्या गच्चीवरून एक बाई म्हणाली, बांधणी का? म्हटलं, हो, तसंच काहीतरी.

९ मार्च

आज टोकं शिवली आणि रडायची पाळी आली. सुरुवातीला चार बोटं कोरं कापड सोडलं होतं, शेवटी सोडायचं विसरले. शिलाईत ९६ च्या भोकांच्या दोन रांगा गेल्या. पट्टा फिरवला की सगळं संथ वाहतं आणि त्या जागी गचका बसतो. तीन महिने सांधा-सांधा करून सांध्यातच फसले.

अण्णांनी पट्टा हातानं ओढत नेला, फुलाकडे, फिक्या भागाकडे, नव्या २४ कडेसुद्धा न बघता. गचक्यापाशी थांबले. अंगठा फिरवला.

"शिवलीस कशाला? कार्ड कोण शिवतं का?"

११ मार्च

शिलाई उसवली. चुण्या इस्त्रीनं गेल्या, ९६ च्या दोन्ही रांगा परत आल्या. सुरुवातीचं कोरं कापड मागे दुमडून टाकलं. दोन्ही टोकांना कडेनं छोटी भोकं पाडली, उसवू नयेत म्हणून काजं केली. मग अण्णांनी सुती दोरी मेणावर ओढली आणि कार्डं ओवतात तसं ओवलं, एक वर, एक खाली, मध्ये पुठ्ठ्याच्या जाडीइतकी फट ठेवून. दोरी सरळ समोर दिसते. ९६ पुरतं, १ पूर्ण. गचका नाही.

बाजूला भिंतीवर सहा सेंटिमीटर उंचीचं फूल लावलंय, त्याच उलगडलेल्या ओळींमधून छापलेलं. लोक आधी पट्टा फिरवतात, मग फूल बघतात, मग पुन्हा पट्ट्याकडे बघतात. पोस्टमन सोडून. त्यानं फक्त पट्टा फिरवला, दोनदा, आणि पत्र देऊन गेला.

१६ मार्च

जिन्यात सकाळी दहा ते अकरा ऊन येतं. आठवडाभरात त्या बाजूचे ठिपके जरा उतरलेत. हा निळा उन्हात फिका पडतो आणि अंधारात ठेवला की बराचसा परत येतो, त्यामुळे रोज रात्री पट्टा अर्धा फिरवून ठेवायचा. अण्णांनी ते काम स्वतःकडे घेतलंय. जेवण झालं की जिन्यात येतात.

अक्कांनी आज विचारलं, धूळ बसली की धुवायचा कसा?

साबणात अजिबात नाही. साबण अल्कली, रंग जाईल. तशी पाटी करून लावायची आहे, मराठीत आणि तेलुगूत.